उपटलेलं वर्ष

१

आमच्या वेल्झ्नात वर्ष खिळ्याने बंद होतं. द्राक्षं तुडवून झाली की नोर्तियादेवीच्या देवळात, सूर्य मावळताना, नगराचा कारभारी भिंतीत काशाचा एक खिळा ठोकतो. मग त्या वर्षात जे झालं ते झालं. त्यात देवसुद्धा फेरफार करत नाहीत. बाहेरगावचे लोक विचारतात, तुमच्या शहराचा इतिहास कुठे ठेवलाय? आम्ही त्यांना ती भिंत दाखवतो.

यंदा खिळ्याच्या दिवशीच सकाळी त्या भिंतीत एक भोक सापडलं.

मी लार्थी. माझा नवरा वेनेल बळीच्या मेंढीचं काळीज हातात घेऊन त्यावरच्या रेषा आणि डाग वाचतो, आणि देवांच्या मनात काय आहे ते सांगतो. गावात त्याला मोठा मान आहे. घरात त्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत. त्या सकाळी देवळातून बोलावणं आलं तेव्हा तो एका पायात माझी चप्पल चढवून निघाला, आणि ती बदलायला मी त्याच्यामागे धावत देवळापर्यंत पोचले.

आत ही गर्दी. यंदाचा कारभारी सेथ्रे भिंतीपुढे हात चोळत उभा होता. तरुण माणूस, कारभाराचं पहिलंच वर्ष, आणि शेवटच्या दिवशी हे नशिबी आलं. खिळ्यांच्या दाट रांगांमध्ये, साधारण छातीच्या उंचीवर, एक खिळा नव्हता. शेवटचा नाही, पहिला नाही, मधलाच कुठलातरी.

जुन्या माणसांनी मागे मोजत मोजत वर्ष काढलं, आणि देवळातला आवाज एकदम बसला. ते लारिसच्या कारभाराचं वर्ष होतं. म्हणजे कायद्याचं वर्ष. त्याच वर्षी मालकांना नोकर मोकळे करावे लागले, आणि मोकळ्या झालेल्यांना लग्न करायचा, घर बांधायचा आणि सभेत बसायचा हक्क मिळाला होता.

"बघा! बघा या खानदानी लोकांचं काम!" एक चांभार ओरडला. त्याचा बाप नोकर होता. "खिळा काढला म्हणजे वर्ष गेलं, वर्ष गेलं म्हणजे कायदा गेला!"

"आणि देवळाची किल्ली कोणाकडे असते रे?" मागून एक खानदानी ओरडला. "तुमच्याच माणसाकडे ना?"

सगळे क्रेइकेकडे वळले. क्रेइके देवळाचा दारवान. त्या कायद्याच्या वर्षीच मोकळा झालेला, शांत, रुंद खांद्यांचा माणूस. त्याची बायको फास्ती दिवसांत होती. आज-उद्याचीच गोष्ट होती.

सेथ्रेने विचारलं, "काल दिवसभर तू इथेच होतास?"

"होतो."

"शेवटी कोण आलं होतं?"

"ते मी सांगणार नाही."

"सांगता येत नाही की सांगणार नाहीस?"

"सांगणार नाही," क्रेइके म्हणाला.

गर्दी खवळली. दोन्ही बाजूंनी हात वर झाले. सेथ्रेचा चेहरा पांढरा पडला होता, पण कारभाऱ्याला काहीतरी बोलावंच लागतं. तो म्हणाला, "सूर्य मावळला की मला नवा खिळा ठोकायचा आहे, आणि मधलं वर्ष उपटलेलं असताना तो ठोकता येत नाही. तोपर्यंत नाव सांग. नाहीतर वेशीबाहेर जा, एकटा, आणि परत येऊ नकोस."

मग तो वेनेलकडे वळला. "काका, मेंढी आणवतो. काळीज पाहून सांगा कोणी केलं ते."

"मेंढीला कशाला त्रास देतोस?" वेनेल म्हणाला. "खिळा तिने काढलेला नाही. आधी मला भिंत पाहू दे."

२

गर्दी बाहेर काढेपर्यंत वेनेल ओसरीत तीन वेळा ठेचकाळला. तिथे कुंभारांनी भाजलेल्या मातीचे नवे तक्ते रचून ठेवले होते, त्यांवर घोडे, रथ, बासरीवाले रंगवलेले. खिळ्याचा सण झाला की ते भिंतीवर बसवून जुन्या रांगा झाकायच्या, असं सेथ्रेने ठरवलं होतं. आपल्या वर्षाची काहीतरी शोभा राहावी ही त्याची हौस.

"डोळे आहेत ना तुला?" मी म्हटलं.

"आहेत. जपून वापरतो."

भिंतीपुढे मात्र तो वेगळाच माणूस झाला. घरी जो माणूस मिठाचं भांडं समोर असून शोधतो, तो त्या भोकाकडे इतका वेळ पाहत राहिला की माझे पाय दुखायला लागले. त्याने करंगळी आत घातली, बाहेर काढली, उजेडात धरली. मग आजूबाजूचे खिळे एकेक करून पाहिले.

"लार्थी, रागावलेला माणूस भिंतीतून खिळा कसा काढेल?"

"पहार घालून. नाहीतर सांडशीने."

"मग शेजारच्या खिळ्यांवर ओरखडा पडला असता. ते इतके चिकटून आहेत की सांडशीचं तोंड मधे शिरणारच नाही. आणि दगड आपला मऊ, पहारेने त्याचा टवका उडाला असता. इथे भोकाची कडसुद्धा तुटलेली नाही." त्याने माझा हात धरून बोट भोकाच्या कडेवरून फिरवलं. "काय लागतंय?"

"तेलकट आहे."

"तेलकट आणि काळं. हे नुसतं कालचं तेल नाही. आतपर्यंत मुरलेलं आहे. वर्षानुवर्षं कोणीतरी तेलाचा हात या खिळ्याला लावत आलंय. खिळा आपोआप सैल झाला होता. काल नुसता बोटांनी हलवून हलवून काढला."

मी बोट नाकाशी नेलं, आणि मला वास ओळखू आला. पण मी लगेच बोलले नाही. कारण त्याच क्षणी दार उघडून क्रेइके आत आला.

वेनेल त्याच्यावर ओरडला नाही. त्याला शेजारी पायरीवर बसवलं आणि कमरेच्या पिशवीतून सुकी अंजिरं काढून दिली. क्रेइकेने एक घेतलं, पण खाल्लं नाही.

"अरे, हट्ट का करतोस?" वेनेल म्हणाला. "चोराला वाचवून तुला काय मिळणार?"

"मी चोराला वाचवत नाहीये, मालक."

"मालक म्हणू नकोस मला. तुझा मालक मामार्के होता, आणि त्यालाही आता तसं म्हणायचं कारण नाही."

क्रेइके थोडा हसला, मग गंभीर झाला. "लोक इथे येतात, आपापल्या खिळ्याला हात लावतात. कोणी लग्नाच्या वर्षाला, कोणी मुलाच्या जन्माच्या. दुसऱ्याचा खिळा कुठला, ते बोलायचं नसतं. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतंच. माझाही एक खिळा आहे वरच्या रांगेत. कुठला ते मी वेनेललाही सांगितलेलं नाही. सांगितलं की त्या वर्षातलं सुख उडून जातं म्हणतात.

"मी या दारात उभा राहतो म्हणून सगळ्यांचे खिळे मला माहीत आहेत," क्रेइके म्हणाला. "आज मी एकाचा सांगितला, तर उद्यापासून इथे कोणी मोकळ्या मनाने हात लावायला येईल का?"

"आणि फास्ती?" मी विचारलं. "तिच्या पोटातलं बाळ? तू वेशीबाहेर गेलास तर त्याला कोण उचलून घेणार?"

क्रेइकेचे डोळे भरून आले. त्याने ते पुसलेही नाहीत. हातातलं अंजीर परत वेनेलच्या मांडीवर ठेवून तो उठून गेला.

तो गेल्यावर वेनेल माझ्याकडे वळला. "मघाशी तू काहीतरी गिळलंस. काय ते?"

"तो वास," मी म्हटलं. "बडीशेप घालून उकळलेलं ऑलिव्हचं तेल आहे ते. दुसऱ्या कशालाच आम्ही ते वापरत नाही. बाळाच्या मालिशचं तेल आहे, वेनेल."

वेल्झ्नात त्या आठवड्यात मालिशचं तेल करून ठेवलेलं असेल असं एकच घर मला ठाऊक होतं, आणि ते दारवानाचं होतं.

३

फास्ती दारातच बसली होती, पोटावर हात ठेवून. मला पाहून उठायला लागली. मी तिला खांदा धरून परत बसवलं.

"काकू, त्याला सांगा ना तुम्ही," ती म्हणाली. "माझं ऐकत नाही. मी म्हटलं, कोणाचं का नाव असेना, सांगून टाक. तर म्हणतो, तू झोप. मला झोप म्हणतो! वेशीबाहेर लांडगे आहेत आणि हा मला झोप म्हणतो."

"तुला त्याने काही सांगितलं?"

"मला? मला तर भाजीत मीठ जास्त झालं तरी सांगत नाही तो."

मी तिची पाठ चोळली. मग शक्य तितक्या सहज विचारलं, "मालिशचं तेल केलंस का गं?"

"केलंय. सुईणीनेच करून दिलं." तिने कोनाड्याकडे बोट दाखवलं.

मी बुधला खाली घेतला. त्याच्या तोंडावर मेणाचा थर होता, त्यावर सुईणीच्या अंगठीचा ठसा, आणि दोन्हींना कुठे चीरसुद्धा नव्हती. बाळ रडल्याशिवाय ते मेण फोडायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. फास्तीने तो पाळला होता. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि मी तिच्या कपाळाची पापी घेतली. बिचारी बघतच राहिली.

बाहेर वेनेल उभा होता. त्याला मी सांगितलं, "हिच्या घरचं नाही. तेल वेगळ्याच घरातलं आहे. आणि तू म्हणतोस ते वर्षानुवर्षांचं आहे. ज्या घरात दरवर्षी मालिशचं तेल होतं, असं घर."

"दरवर्षी पोर होणारी घरं पुष्कळ आहेत," वेनेल म्हणाला. "आपला चांभारच बघ."

"मग त्या बाईने एकाच खिळ्याला कशाला हात लावला असता? पोर जगलं की पुढचे सगळे खिळे त्याचेच असतात. चालायला लागलं तो एक, दात पडले तो एक."

वेनेल चालता चालता थांबला. त्याला काहीतरी सुचलं होतं. पण तेवढ्यात चौकाकडून आरडाओरडा ऐकू आला, आणि सेथ्रेचा माणूस धापा टाकत आमच्याकडे आला.

"चला लवकर! मामार्केने कबूल केलं! भर चौकात म्हणाला, खिळा मी काढला!"

४

मामार्के म्हणजे वेल्झ्नातलं सगळ्यात जुनं घर, आणि सगळ्यात ताठ मान. कायद्याच्या वर्षी सभेत तोच एकटा शेवटपर्यंत विरोधात बोलला होता. तरी कायदा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आपले सगळे नोकर त्याने स्वतः मोकळे केले; म्हणाला, कायदा मूर्ख आहे, पण मी कायदा मोडणारा नाही. असा माणूस. त्याच्याबद्दल वाईट बोलणं सगळ्यांना सोपं जायचं, कारण तो कधी खुलासा करत नसे.

चौकात तो एकटा उभा होता आणि भोवती चामड्याच्या गल्लीतले मोकळे लोक हातात दगड घेऊन जमले होते. त्यांच्यासमोर क्रेइके दोन्ही हात पसरून उभा होता. ज्याने त्याला इतकी वर्षं राबवलं, त्याच्यासाठी.

"बाजूला हो," मामार्के त्याला म्हणत होता. "तुला कोणी बोलावलं इथे? जा, बायकोजवळ जा."

"तुम्ही काहीतरी बोलू नका," क्रेइके म्हणाला. "तुम्ही नाही काढला."

"मी काढला! मला तो कायदा पुसायचा होता. सगळ्यांना माहीत आहे मला तो कायदा आवडत नाही. सेथ्रे, काय शिक्षा असेल ती मला दे, याला सोड."

सेथ्रेने वेनेलकडे असं पाहिलं की जणू बुडणाऱ्याला ओंडका दिसला. वेनेल गर्दीतून वाट काढत पुढे गेला.

"मामार्के, कशाने काढलास?"

"सांडशीने."

"कुठे आहे सांडशी?"

"विहिरीत टाकली."

"आणि खिळा?"

मामार्के पहिल्यांदाच अडखळला. "तोही टाकला."

"बरं," वेनेल म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दगड खाली ठेवा रे. याने खिळा काढलेला नाही. त्या भिंतीत सांडशी शिरत नाही, आणि जो खिळा टाकून द्यायचा असतो तो कोणी इतक्या हळुवारपणे काढत नाही. मला थोडा वेळ द्या. मी आणि माझी बायको याच्या घरी जाऊन येतो."

मामार्केचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला. दगडांसमोर जो माणूस हलला नव्हता, तो घाबरला.

"घरी जाऊ नका," तो म्हणाला. "माझ्या बायकोला, रम्थाला बरं नाही. वेनेल, मी तुझ्या पाया पडतो. घरी नको."

आणि मामार्के, ज्याने कधी कोणापुढे मान वाकवली नव्हती, तो खरोखरच वाकला.

५

वाटेत वेनेल म्हणाला, "आपण सकाळपासून ही गोष्ट उलटी धरलीय. आपण विचारत होतो, ते वर्ष कोणाला नको होतं? खानदानी लोकांना नको होतं, मोकळ्यांना हवं होतं, म्हणून भांडण. पण तेलाचा हात इतकी वर्षं लावणाऱ्याला ते वर्ष नको कसं असेल? त्याला ते हवं होतं. फार हवं होतं."

"मग आजच का काढलं? इतकी वर्षं भिंतीत होतंच की."

"मी सकाळी तीन वेळा कशावर ठेचकाळलो?"

मी थांबले. ते तक्ते. ते घोडे आणि बासरीवाले. दोन-तीन दिवसांत त्या रांगा कायमच्या झाकल्या जाणार होत्या, आणि मग त्या खिळ्याला कोणाचाच हात लागला नसता.

"आणि मघाशी तू म्हणालीस तेही आहेच," वेनेल म्हणाला. "पोर जगलं की पुढचे सगळे खिळे त्याचे. ज्याचा एकच खिळा आहे, ते पोर एका खिळ्यानंतर आलं आणि पुढच्या खिळ्याच्या आधीच गेलं."

मग मला आठवलं. कायद्याच्या वर्षी हिवाळ्यात रम्था जड पावलांनी चालायची. उन्हाळ्यात तिच्या घरून बाळाला दात आल्याचे मध आणि गव्हाचे लाडू आले नाहीत, आणि आम्ही बायकांनी काही विचारलं नाही. आमच्याकडे दात येण्याआधी गेलेल्या बाळाला नाव नसतं. घराण्याच्या थडग्यात त्याला जागा नसते, त्याच्यासाठी जेवण घालत नाहीत, कोणी केस मोकळे सोडून रडत नाही. घराच्या वळचणीखाली त्याला पुरतात, आणि त्याबद्दल बोलायचं नसतं.

मामार्केच्या अंगणात वळचणीखाली एक जागा झाडून स्वच्छ ठेवलेली होती. बाकी सगळीकडे द्राक्षांच्या टोपल्या, घागरी, लाकडं. तिथे काही नव्हतं. वेनेल बाहेरच थांबला. मी आत गेले.

रम्था पलंगावर बसली होती. केस पांढरे झालेले, चेहरा अजून सुंदर. खोलीत बडीशेपेचा वास भरून राहिला होता.

"लार्थी," ती म्हणाली, "तू आलीस? मला वाटलं कारभाऱ्याचे लोक येतील."

मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात हातात घेतला. तो तेलाने मऊ होता, आणि मुठीत खिळा होता. हिरवट दांडा, आणि डोकं मात्र हाताच्या घासाने चकचकीत झालेलं.

"दर सुगीला नवं तेल करते मी," रम्था म्हणाली. "वेडेपणा आहे, मला कळतं. तिला मालिश खूप आवडायची गं. पाय असे ताणायची. मग ते तेल मी खिळ्याला लावायची, दुसरं कुठे लावणार? परवा तक्ते पाहिले, आणि वाटलं, आता ही जागाही बंद होणार. काल बोटांनी हलवला तर तो हलला. मला वाटलं, तीच हात सोडवून माझ्याकडे येतेय."

तिला रडू आलं, आणि मलाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या, लहान मुलींसारख्या एकमेकींना धरून रडलो. मग मी तिला विचारलं, "मामार्केला माहीत होतं?"

"सकाळी उशाखाली त्यांना दिसला. काही बोलले नाहीत. पांघरूण नीट केलं आणि बाहेर गेले. आणि जाताना मोलकरणीला सांगून गेले की मला उठू द्यायचं नाही. ते असेच आहेत. तिच्याबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत, लार्थी. एक शब्द नाही. मला वाटतं ते विसरलेत."

"रम्था," मी म्हटलं, "तुझा नवरा आत्ता चौकात दगडांसमोर उभा आहे आणि सांगतोय की खिळा त्याने काढला. आणि क्रेइके तुझं नाव सांगत नाही म्हणून संध्याकाळी वेशीबाहेर जाणार आहे."

तिचं रडणं एकदम थांबलं. "क्रेइके? फास्तीचे दिवस भरलेत ना?"

"हो."

"मग मला उठव," रम्था म्हणाली. "माझी शाल दे. चांगली दे, ती लाल काठांची."

६

सूर्य खाली आला होता. देवळात मोकळे एका बाजूला, खानदानी दुसऱ्या बाजूला, मध्ये भिंतीपुढे मामार्के आणि क्रेइके. रम्था माझ्या खांद्याला धरून आत आली तेव्हा मामार्के पुढे धावला.

"अगं, तू कशाला—"

"खिळा मी काढला," रम्था म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण देवळात ऐकू गेला. "कायद्याशी माझं काही देणंघेणं नाही. त्या वर्षी मला मुलगी झाली आणि त्याच वर्षी गेली. ती जिथे असेल असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्ही भिंत झाकणार होतात, म्हणून मी तिला घरी नेलं. क्रेइकेने मला पाहिलं आणि तो काही बोलला नाही. चूक माझी आहे."

मग चांभाराची बायको गर्दीतून पुढे आली, सरळ भिंतीकडे गेली आणि खालच्या रांगेतल्या एका खिळ्यावर बोट ठेवून उभी राहिली. तिच्या मागून एक खानदानी म्हातारी आली, मग आणखी एक. आपापला खिळा न बोलता धरून त्या उभ्या राहिल्या. चांभार तोंड उघडं टाकून आपल्या बायकोकडे पाहत होता. मला वाटतं, त्याला तो खिळा माहीत नव्हता.

सेथ्रेने घसा साफ केला. "तक्ते बाहेरच्या भिंतीला लावा," तो कुंभारांना म्हणाला. "क्रेइके, तू घरी जा. आत्ता जा."

क्रेइके गेला नाही. त्याने आधी हातोडा आणून दिला. मामार्केने तो घेतला आणि म्हणाला, "तुझ्या बायकोला काही लागलं तर आमच्याकडे निरोप धाड. आमच्याकडे तेल आहे." आणि क्रेइके निघाला तो जवळजवळ पळतच.

खिळा परत ठोकायचा तर वर्षाचं नाव घ्यावं लागतं. मामार्केने खिळा भोकात धरला, रम्थाने हातोडा उचलला, आणि सेथ्रे मोठ्याने म्हणाला, "हे वर्ष लारिसच्या—"

"थांब," मामार्के म्हणाला.

सगळे थांबले. तो भिंतीकडेच पाहत होता.

"वेलेलिया," तो म्हणाला.

सेथ्रेला कळलं नाही. मला कळायला क्षण लागला. रम्थाचा हातोडा हवेतच राहिला.

"कोण वेलेलिया?" ती म्हणाली.

"आपली."

"तुम्ही तिचं नाव ठेवलं होतं?"

"ती आली त्याच दिवशी. दात येईपर्यंत सांगायचं नसतं, म्हणून मनातच ठेवलं. मग ती गेली. मग सांगायचं कोणाला? तू तिचं कधी नाव काढत नव्हतीस. मला वाटलं, तुला त्रास होईल."

रम्था त्याच्याकडे पाहत राहिली. इतकी वर्षं एका छताखाली, एका ताटात जेवलेली ती दोघं, आणि जणू तो आत्ताच घरी आला होता.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा नाव घेतलं, आणि तिने खिळा ठोकला.